रंगाला तीन मार्क

चौतीस वर्षे मी पेपर तपासले. कृष्णा नदी अरबी समुद्राला नेऊन सोडणारी मुले पाहिली आणि तिला उचलून पुन्हा बंगालच्या उपसागराकडे वळवताना लाल शाईच्या दौती रिकाम्या केल्या. ‘आईस पत्र लिहा’ या प्रश्नाला ‘आई घरीच आहे, पत्र कशाला?’ असे उत्तर लिहिणाऱ्याला पाचपैकी दोन मार्क दिले, कारण मुद्दा बिनतोड होता. निवृत्त झालो त्या दिवशी लाल पेन देवापुढे ठेवले आणि ठरवले, की आता उरलेल्या आयुष्यात कुणालाही पास-नापास करायचे नाही. पण माणूस ठरवतो एक आणि भाचा घेऊन येतो दुसरेच.

भाचा पुण्याला असतो. कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितले आहे आणि तिन्ही वेळा मी ‘असं होय!’ म्हणून विषय बदलला आहे. पूर्वी तो येताना बाकरवडी आणायचा. गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी दिवेलागणीला आला तो हातात थर्मोकोलची पेटी घेऊन. मला वाटले, इंजेक्शने असावीत. उघडून पाहतो तर बर्फात मुंड्या वर करून पाच डबे बसलेले, आणि पेटीत न मावलेली एक हिरवी बाटली वेगळ्या पिशवीत.

“मामा, ही क्राफ्ट बिअर. सहा प्रकार आहेत. शनिवार-रविवार आपण दोघांनी चाखायच्या आणि मार्क द्यायचे.”

“अरे, पिऊन टाकू की. मार्क कशाला?”

“प्यायची नाही, मामा. चाखायची.”

आता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी या दोन क्रियापदांतला फरक मला भाच्याकडून शिकायचा होता! माझा बिअरचा अभ्यास म्हणजे शाळेतल्या पोरांचा भूमितीचा अभ्यास; परीक्षेपुरता आणि तोही ऑप्शनला टाकलेला. एकदा गोव्याच्या सहलीत, आणि एकदा एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात, एवढीच हजेरी. दोन्ही वेळा ‘कडू आहे’ यापलीकडे मत बनले नव्हते.

“परवान्याचं काय?” मी शिक्षकी शंका काढली.

भाच्याने दोघांचेही परवाने काढून समोर ठेवले. पोरगे तयारीने आले होते. महाराष्ट्राचा कायदा मोठा गमतीदार आहे. इथे दारू मिळते ती 1949 सालच्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे दुकान उघडे आहे आणि पाटीवर ‘दुकान बंद’ असे लिहिले आहे. प्यायला परवाना लागतो आणि तो देतात आरोग्याच्या जतनासाठी. माझे आरोग्य जतन करण्यासाठी शासन इतके हळवे असेल याची कल्पना मला मधुमेहाच्या गोळ्या घेताना कधी आली नव्हती.

परवान्याचा प्रश्न सुटला, पण घरातल्या परवान्याचा सुटायचा होता. सौ.ने पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पंचांग न बघताच सांगितले, “उद्या शनिवार. मारुतीचा वार.”

“मामी, बिअर म्हणजे सातू. जवाचं पाणी,” भाचा म्हणाला.

“मग पाणी म्हणून हंड्यात ओत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाट.”

बरीच घासाघीस झाली. अखेर दुपारी तीन ते पाच, दिवेलागणीच्या आत, माजघराच्या मागच्या खोलीत, खिडकीला पडदा लावून आणि फ्रिजमधल्या विरजणाला धक्का न लावता, असा तह झाला. कागलात गुपित ठेवायचे म्हणजे असा बंदोबस्त लागतोच. गैबी चौकात शिंकले तर खर्डेकर चौकात औषध सुचवणारे आमचे गाव. शाहू महाराज याच गावच्या घाटग्यांचे. 1884 साली ते कोल्हापूरला दत्तक गेले. ‘झोंबी’ लिहिणारे आनंद यादव इथलेच. पण बाहेरचे लोक आम्हाला ओळखतात ते राजकारणाचे विद्यापीठ म्हणून. इथे दोन माणसांचे एकमत झाले तर तिसऱ्याला संशय येतो. त्यामुळे ‘परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता मार्क द्यायचे’ हा भाच्याचा नियम ऐकला आणि इतका शहाणपणाचा नियम कागलात पूर्वीच का नव्हता, असे मला वाटून गेले.

रात्री जेवताना भाच्याने क्राफ्ट बिअरचे व्याख्यान दिले. मोठ्या कारखान्यात एकच चव लाखो बाटल्यांत भरतात. इथे छोट्या भट्टीत, थोड्या थोड्या मापाने, करणाऱ्याच्या हाताच्या चवीने बिअर होते. महाराष्ट्रात हे वारे आले ते पुण्यात, 2009 साली. त्या पहिल्या भट्टीचे नाव ‘डूलॅली’.

“हे कसलं नाव?”

“इंग्रजीत डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला. आणि मामा, हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय! नोकरी संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनेन् महिने पडून असायचे. काम नाही, उकाडा, आणि डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप.”

निवृत्तीनंतर काम नसलेल्या माणसाचे डोके फिरते हा शोध लावायला देवळालीपर्यंत कशाला जायचे, अशा अर्थाचे काहीतरी सौ. आमटी वाढता वाढता पुटपुटली.

शनिवारी तीन वाजता परीक्षेला सुरुवात झाली. मी सवयीने स्टीलची फुलपात्रे काढली. भाचा किंचाळलाच. “मामा, रंग दिसायला नको?” मग चहाचे काचेचे ग्लास आले. ते साबणाने नव्हे, नुसत्या पाण्याने धुवायचे, कारण साबणाने फेस मरतो. मध्ये मध्ये पाणी प्यायचे, साधा पाव खायचा, म्हणजे जीभ कोरी होते. मी लसूण घातलेले भडंग पुढे केले तर तेही परत गेले. कोल्हापूर जिल्ह्यात भडंगाला नकार देणारा हा पहिलाच माणूस.

आणि मग त्याने गुणपत्रिका काढली. अमेरिकेत 1985 साली बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था निघाली, तिची ही पद्धत. एकूण मार्क पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते त्याला पाच आणि एकंदर मताला दहा. कागद हातात आला मात्र, माझी पाठ आपोआप ताठ झाली. देवापुढचे लाल पेन मी परत मागून घेतले.

“रूपाला तीनच?” मी म्हणालो. “आमच्याकडे नुसत्या टापटिपीला पाच असायचे.”

पहिला डबा गव्हाच्या बिअरचा. ढगाळ, फिक्कट पिवळी. भाच्याने नाक ग्लासात खुपसले, डोळे मिटले आणि कागदावर भराभर लिहायला लागला. मीही नाक खुपसले. माझ्या नाकाला फेस लागला आणि शिंक आली. कॉपी करायचा मोह आयुष्यात प्रथमच झाला. मी कागदावर ‘बरी’ असे लिहिले.

तेवढ्यात सौ. दाराशी आली. आत यायचे नाही असा तिचाच नियम होता, म्हणून उंबऱ्यावर थांबून तिने हवा हुंगली.

“धने घातलेत का रे यात?”

भाचा उडालाच. “मामी, तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? रोज कुटतात ते. आणि धन्याबरोबर काहीतरी साल आहे. मोसंबं नाही... संत्रं.”

त्याने डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. धने आणि संत्र्याची साल! बेल्जियममध्ये गव्हाची बिअर अशीच करतात म्हणे. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली कायदा झाला होता, की बिअरमध्ये सातू, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी याखेरीज काही घालायचे नाही. बेल्जियमवाल्यांनी तो पाळला नाही. त्यांना तो लागूही नव्हता. सौ.च्या मते जर्मनांचेच चुकले. धन्याशिवाय कशालाही चव नसते.

दुसरा डबा आंब्याचा. भाच्याने लिहिले, ‘पिकलेला आंबा, सौम्य गोडी’. उंबऱ्यावरून निकाल आला, “आढीतला शेवटचा. तळाला राहून दबलेला.” तिसरा कोकमाचा, लालसर, मुद्दाम आंबट केलेला. यावर ती म्हणाली, “कोकणातून आणलेल्या आगळाची बरणी अशी झाली की आपण ओतून देतो. तुम्ही विकत आणता.”

थेंबभरही न चाखता माझ्या बायकोने तिन्ही पेपर तपासले होते. मी तिघींना पस्तीस-पस्तीस दिले होते. पन्नासपैकी पस्तीस म्हणजे चांगलेच मार्क होतात, पण मला पस्तीस हा आकडा लिहायची सवय. हाताला आपोआप येतो.

रविवार उजाडला. सकाळी मटण, दुपारी वामकुक्षी, तीन वाजता परीक्षा. पडदा लावून बसलो आणि दारावर हाक आली, “मास्तर, हाईसा का?”

हे शेजारचे आप्पा. वय पंच्याहत्तरच्या पुढे. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरपूर. हंगामामागून हंगाम गुळव्या म्हणून राबलेला माणूस. गुऱ्हाळावर गुळव्या म्हणजे नाटकातला नट आणि दिग्दर्शक दोन्ही. काहिलीतल्या रसाची मळी कधी काढायची, भेंडीचे पाणी किती घालायचे, जाळ कधी कमी करायचा आणि मुख्य म्हणजे काहील चुलवाणावरून कधी उतरायची, हे तोच ठरवतो. चार क्षण आधी उतरली तर गूळ धरत नाही, चार क्षण उशीर झाला तर करपतो. आप्पांचे गुऱ्हाळ थंडावून काही वर्षे झाली. ऊस कारखान्याला जातो. आप्पा आमच्याकडे पेपर वाचायला येतात.

माळकरी माणसापुढे बिअरचे ग्लास! मी पेपरने झाकायला लागलो. पण आप्पांनी तोवर खुर्ची ओढली होती.

“झाकतासा कशापायी? माझ्या नरड्यात थोडीच वतणार हाईसा? कसली परीक्षा चाललीया?”

भाच्याने आधी सगळे समजावून सांगितले. छोटी भट्टी, थोडा थोडा माल, दर खेपेची चव निराळी.

“म्हंजे आधणच की,” आप्पा म्हणाले. “आमीबी एका टायमाला एकच आधण काढतावं. सकाळच्या आधणाचा गूळ येगळा, दुपारचा येगळा.”

मग हिरवी बाटली उघडली. फिक्या रंगाची, पारदर्शक लागर. भाच्याने वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. आप्पांनी ग्लास न उचलता नुसती मान पुढे केली.

“पावणं, राग येऊ द्या न्हाईतर न्हाई, ही मूळची अशी न्हवं. हे मागनं बिघडलंया. कुजक्या लसणावाणी वास मारतोय. उन्हात ठिवलीती का कुटं?”

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, “कराडला जेवायला थांबलो होतो. पिशवी गाडीच्या मागच्या काचेपाशी होती. दीडएक तास.”

हॉपच्या फुलांतला कडवटपणा उन्हाच्या उजेडात बिघडतो, आणि हिरवी काच ऊन अडवत नाही. म्हणूनच बिअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी असतात. अमेरिकेत स्कंक नावाचा एक घाण वास सोडणारा प्राणी आहे, त्याच्यावरून या दोषाला नाव पडले आहे. हे सगळे भाच्याला पाठ होते. फक्त बाटली सावलीत ठेवायचे राहिले होते. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

“रसाचंबी तसंच,” आप्पा म्हणाले. “ऊन लागलं की रस आंबतोय. घाण्यावरनं काहिलीत येईस्तवर नाक लावून बसावं लागतंय.”

दुसरी आली ती इंडिया पेल एल. नाव इंडिया, पण बनायची इंग्लंडात. इथल्या साहेबांसाठी बोटीने यायची, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप सढळ हाताने घालायचे. मी एक घोट घेतला आणि लहानपणी तापात आजी काडेचिराइताचा काढा पाजायची ती आठवण थेट जिभेवर आली. भाचा मात्र डोळे मिटून ‘पाइनचं झाड, संत्रं, पपनस’ असे म्हणत होता.

आप्पांनी वास घेतला आणि मिशीतल्या मिशीत हसले. “मास्तर, वारीत एकेक साधू भेटतोय. त्येंच्या चिलमीला असला वास येतोय बगा.”

मी दचकून डब्याकडे पाहिले. भाचा खूश. “बरोबर आहे! हॉप आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. पण हॉपमध्ये ती नशा नसते.” शाळेत मी मराठी आणि भूगोल शिकवत आलो; वनस्पतिशास्त्राचा हा भाग तरी मला कुणी सांगितला नव्हता. सौ. उंबऱ्यावरून एक पाऊल मागे सरली.

शेवटची स्टाउट. काळी कुळकुळीत. वर कॉफीच्या रंगाचा फेस. आप्पांनी आता स्वतःहून ग्लास उचलला, खिडकीचा पडदा बाजूला केला (गुपिताचे बारा वाजले), उजेडात धरला, दोन बोटांत थेंब चोळला आणि वास घेतला.

“आधण लागलंया.”

“म्हणजे?”

“करपवलंया. पर ह्यो करणारा शाना माणूस हाय. मुद्दाम करपवलंया. चुकून करपलं तर वास खवाट येतोय. ह्यो वास शांत हाय.”

“भाजलेला सातू असतो त्यात,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज आता विद्यार्थ्याचा झाला होता. “आप्पा, काहील उतरवायची वेळ तुम्ही कशी ओळखायचा? थर्मामीटर असायचा?”

“थर्मामीटर कुठला आलाय? ऊन ऊन पाक घ्यायचा, पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची आन् काहिलीच्या काठावर हाणायची. टण्‌ वाजली की उतरायचं.”

भाच्याने फोनवर शोधून सांगितले, की हे तापमान साधारण 118 अंश असते. आप्पांनी मान डोलावली. एकशे अठराने आपली बरोबरी केली याचे त्यांना बरे वाटले असावे.

मग त्यांची नजर गुणपत्रिकेवर गेली. “ह्यो काळा रंग. सौद्यात ह्येला कुनी हात लावला नसता. रंगाचं मार्क किती कापलंसा?”

“कापले नाहीत. स्टाउट काळीच हवी. तीनपैकी तीन.”

“तीनपैकी? आन् समदं मिळून किती?”

“पन्नास.”

“पन्नासात रंगाला तीन?”

“हो. चवीला वीस.”

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि कागद हातात घेतला.

आमच्या जिल्ह्याचा गूळ आजचा नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सगळे मी वर्गात कौतुकाने सांगत असे. पण हा गूळ विकताना त्याचा पेपर कोण तपासतो आणि कसा, हे मला त्या रविवारी कळले.

“सौद्यात रवं मांडल्यालं असत्यात,” आप्पा म्हणाले. “येपारी येतोय. एक रवा फोडतोय, रंग बगतोय, आकडा बोलतोय. झालं. चाळीस वर्सांत माज्या गुळाची चव घिऊन भाव केल्याला येपारी मोजून दोन-तीन बगितलं. पिवळाधमक असंल तर वरचा भाव. तांबूस असंल तर खालचा. आता भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गूळ तांबूसच हुतोय, त्येला आमी काय करणार? मग पावडर आली. हायड्रॉस. चिमूटभर टाकली की गूळ कसा, हळदीवाणी! चार दिसांनी रंग पडतोय, पर तवर सौदा झाल्याला असतोय.”

खोलीत शांतता पसरली. फेस बसल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

“म्याबी टाकली, मास्तर,” आप्पा म्हणाले. “धा-बारा वर्सं टाकली. माळ घालून टाकली. घरच्यासाठी येगळं आधण बिनपावडरीचं, आन् बाजारासाठी पिवळं. येपारी म्हनायचा, गिऱ्हाईक पिवळं मागतंय. गिऱ्हाईक कोन? तुमीच की.”

सौ.ने खाली पाहिले. संक्रांतीला दुकानात जाऊन ‘जरा पिवळा दाखवा हो, हा काळपट दिसतोय’ असे सांगणारी ती, आणि तिच्यामागे पिशवी धरून उभा राहणारा मी. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे आप्पांच्या गुळाला रंगाच्या रकान्यात पन्नासपैकी पन्नास दिले होते आणि चवीचा रकाना कोरा सोडला होता. भाषेच्या पेपरात अक्षर सुंदर म्हणून मी ज्या मुलांना वर चढवले, आणि अक्षर कोंबडीच्या पायाचे म्हणून ज्यांचा निबंध वाचलाच नाही, ती मुले त्या घटकेला एकामागून एक डोळ्यांपुढून गेली. त्यांपैकी किती जणांनी नंतर नुसते अक्षर घोटले असेल, कोण जाणे.

आप्पा उठून गेले. मला वाटले, दुखावले. पण पाच मिनिटांत परत आले ते धडप्यात गुंडाळलेला गुळाचा रवा घेऊन. किलोभराचा असेल. गेल्या हंगामात एका पाहुण्याच्या गुऱ्हाळावर हौसेने बसून त्यांनी एक आधण काढले होते, त्यातला. रंग चिंचेसारखा.

“करा परीक्षा,” ते म्हणाले. “त्याच कागदावर.”

भाच्याने नवीन कागद काढला. पाणी प्यायला, पाव खाल्ला. आम्ही दोघांनी खडे तोंडात टाकले. आणि या परीक्षेला बाहेरची परीक्षक उंबरा ओलांडून आत आली, खुर्चीवर बसली आणि तिने चक्क एक खडा चाखला. वास, बारापैकी अकरा. तोंडात खडा विरघळण्याला पाचपैकी पाच. रूपाच्या रकान्याशी भाचा थांबला तेव्हा आप्पाच म्हणाले, “तितं शून्य टाका.” पण भाच्याने स्टाउटचा न्याय लावला. गूळ जसा असायला हवा तसा आहे, तीनपैकी तीन. चवीचे मार्क माझ्याकडे आले. मी लाल पेन उघडले. हाताला पस्तीसची सवय, आणि रकाना विसाचा! भाषेच्या शिक्षकाने पैकीच्या पैकी द्यायचे नसतात, हे व्रत मी चौतीस वर्षे पाळले. ते मोडायचे धैर्य शेवटपर्यंत झाले नाही. अठरा दिले. सौ.ने माझ्या हातातले पेन काढून घेतले, अठरावर काट मारली आणि वीस केले. एकंदर मत, दहापैकी नऊ. बेरीज अठ्ठेचाळीस.

वर्गात पहिला. सहाही बिअर मागे पडल्या. स्टाउट दुसरी आली, एकेचाळीस.

आप्पांनी कागद दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मग पलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

“मार्कं झ्याक हाईत,” ते म्हणाले. “पर ह्येच्यावर भाव कुटं लिवत्यात?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी भाच्याकडे. पन्नास मार्कांच्या त्या कागदावर सगळे होते. भावाचा रकाना नव्हता.

“हा काळा डबा केवढ्याला?” आप्पांनी विचारले.

“दोनशे रुपये.”

“आन् हितं किती? अर्दा लिटर?” त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हंजे चार किलो गुळाचा पैका. आन् त्यो इकत घेणारा आधी वास बगतोय, मग चव बगतोय, आन् रंगाला तीनच मार्क देतोय.” ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “ते गिऱ्हाईक कुटं ऱ्हातंय, तेवडा पत्ता लिवून द्या, पावणं.”

सोमवारी पहाटे भाचा पुण्याला गेला. जाताना गुळाचा अर्धा रवा घेऊन गेला, आणि या खेपेला सावलीत ठेवतो असे दोनदा सांगून गेला. त्याच्या ऑफिसातल्या सात-आठ जणांना आता तांबूस गूळ हवा आहे. सात-आठ जणांनी गुऱ्हाळ पेटत नाही, हे आप्पांना कळते आणि मलाही. पण परवा संक्रांतीच्या आधी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने नेहमीप्रमाणे पिवळाधमक गूळ पुढे केला. सौ. म्हणाली, “तो राहू द्या. काळपट कुठला आहे? आणि आधी चाखायला द्या.”

दुकानदाराने तिच्याकडे असे पाहिले, की देवळालीच्या छावणीत त्या सोल्जरांकडेसुद्धा कुणी तसे पाहिले नसेल.

बिअरच्या सहा गुणपत्रिका मी जपून ठेवणार होतो. पण त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सध्या दुधाचा हिशेब चालू आहे. गुळाची तेवढी आप्पांच्या घरी आहे. विठोबाच्या तसबिरीमागे खोचली आहे म्हणतात. मी बघायला गेलो नाही. तिथे अठरावर मारलेली काट दिसली असती.